निरोपाचं वाक्य

तोंडी परीक्षेत तेजलच्या प्रत्येक इंग्रजी वाक्याला यंत्राचा हिरवा दिवा लागत होता. यंत्र जगभरातलं इंग्रजी बोलणं अखंड ऐकायचं. जे वाक्य कुणीच बोलत नाही, ते चूक. परीक्षा संपली आणि उठताना ती समोर बसलेल्या वर्गशिक्षक वळवी सरांना सवयीने म्हणाली, "आय कम, सर."

लाल दिवा लागला. "निघताना जगात असं कुणी म्हणत नाही," यंत्राने सुनावलं. एवढ्यावरून तेजल नापास!

"मग काय 'जाते' म्हणू, सर?" तिचा चेहरा उतरला. "आई ओरडते तसं म्हटलं की."

वळवी सरांचं डोकंच फिरलं. "कुणी म्हणत नाही काय? आता म्हणतील!"

दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग निघताना 'आय कम' म्हणू लागला. पोरांनी ते पुण्यातल्या भावंडांना शिकवलं, दुबईतल्या मामांना शिकवलं, मामांनी तिथल्या सोबत्यांना. फेरपरीक्षेत तेजल हट्टाने तेच म्हणाली. दिवा हिरवा लागला!

संध्याकाळी सरांनी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तसं ते हळूच म्हणालं, "आय कम, सर."

"ये," सर म्हणाले, आणि मगच त्यांनी बटण दाबलं.