बंडीची गुंडी

लढाईचा पोवाडा संपला आणि शाहिरानं डफ आपटला. "साहेब, पेटायचं ते गाव ढिम्म, आणि पलटणीत नाव घालतात माझेच झीलकरी! चार गावांत चार गेले. आता मागे 'जी जी' कोण म्हणणार, तुमची खुर्ची?"

उरलो होतो मी एकटा, सत्तरीचा तुणतुणेवाला.

भरतीचे साहेबही वैतागले. "मग त्यांच्या पाठोपाठ तुम्हीच चला की!"

सगळं गाव बघत होतं. शाहीर छातीच्या मापाला उभा राहिला. फीत लागली, पण छाती काही केल्या फुगेना.

"अहो," साहेब ओरडले, "मघाशी गाताना तुमच्या बंडीची गुंडी उडून माझ्या चहात पडली. हा बघा कप!"

शाहीर पुटपुटला, "साहेब, छाती दुसऱ्याला धाडताना फुगते."