डावखुऱ्यांचं बंड

कला-इतिहासाच्या पहिल्या तासाला सर दरवर्षी तीच जुनी स्लाइड लावत. चित्रात एक शिंपी, एक न्हावी आणि एक कारकून. कात्री, वस्तरा, लेखणी, सगळं डाव्या हातात. "तिघंही डावखुरे! हे चित्रकाराचं बंड आहे," सर ठासून सांगत. "चित्र नुसतं बघू नका, वाचा!"

यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, कोपऱ्यात चित्रकाराची सहीसुद्धा आरशात दिसावी तशी उलटी आहे. तिनेही बंड केलंय का?"

वर्गात खसखस पिकली. सरांनी तास कसाबसा आवरता घेतला, पण त्यांचा पाय काही निघेना. दारापर्यंत जाऊन ते परत आले, स्लाइड काढली आणि फिरवून लावली. तिघंही मुकाट्याने उजव्या हाताने कामाला लागले. बावीस वर्षांचं बंड क्षणात मोडलं.

सर तरातरा आपल्या खोलीत गेले. कपाटात त्यांनी जपलेली एक फाइल होती, विद्यार्थ्यांच्या मासलेवाईक उत्तरांची. चहाच्या वेळी ते त्यातलं वाचून दाखवत आणि सहकारी पोट धरून हसत. सगळ्यात जास्त हशा मिळवणारा कागद हाताळून हाताळून मऊ पडला होता. त्यावर कुण्या मुलीने एवढंच लिहिलं होतं, "सर, स्लाइड उलटी लागली आहे."

खाली शून्य मार्क. आणि शेजारी लाल शाईत, सरांच्याच वळणदार अक्षरात: "आधी नीट बघायला शिका."