नोडला आलेला नमस्कार

कळंबोलीच्या लोखंड बाजारात हयात गेल्यामुळे दीनानाथ गुप्ते यांचा दुसऱ्याने बांधून दिलेल्या मालावर विश्वास नव्हता. संगणकांना एकमेकांशी थेट जोडणारं नोडचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यांनी मूळ कोड उतरवून पनवेलच्या घरी स्वतः बांधलं. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाला जायचा नमस्कारही त्या कोडमध्ये स्वतःच लिहिला : ‘मी दीनानाथ गुप्ते. आपण कोण?’

दुपारी त्यांनी चाचणीपुरती इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि नोड सुरू केला.

पडद्यावर उमटलं, ‘एक जण जोडला गेला.’

पाठोपाठ त्याचा नमस्कार आला : ‘मी दीनानाथ गुप्ते. आपण कोण?’

“अरे चोरा! माझ्या घरात, माझ्याच नावाने, मलाच विचारतोस?” गुप्ते कडाडले. “थांब, तुझी हकालपट्टीच करतो!”

त्यांनी त्याला कायमचं बाद करण्याची आज्ञा दिली. पलीकडूनही तीच आज्ञा आली, जरा आधी.

सुनीताबाई चहा घेऊन खोलीत आल्या.

“अगं, हा निर्लज्जपणा बघ!” गुप्ते खुर्चीतूनच ओरडले.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, कप तसाच हातात ठेवला आणि पंख्याचं बटण बंद केलं.

“पंखा चालू ठेवून हे गेले कुठे?”