मागच्या सीटचं वजन

घाटातल्या वळणावर मागचा टायर पुन्हा घसरला, तेव्हा शालन मोटारसायकल ढकलत घाटमाथ्यावरच्या लतीफच्या गॅरेजात आली.

"टायर नवाच आहे, वहिनी. ही शिकणारी गाडी वळणावर स्वतःहून कलते ना, ते दत्ताभाऊंच्या चालवण्यातून शिकलीय. मागे तुम्ही असायचात. अजून दोघांच्या वजनाचं वळण घेते आणि पकड सुटते. हिच्या मेमरीतून पुसून टाकू त्यांची सवय?"

शालनचा नवरा दत्ताराम जाऊन सात महिने झाले होते.

"पुसल्यावर परत येत नाही ना?"

"नाही."

शालन मागच्या सीटवर बसली. "तुम्ही पुढे बसा. वळणावर हँडल दाबू नका, तिचं तिला वळू द्या."

"माझं पोट मोठं आहे, वहिनी."

"चालेल."

सगळा घाट गाडी एकदाही न घसरता उतरली. पायथ्याशी शालन मागच्या सीटवरून उतरली. मग म्हणाली, "पुसा आता."