एक टन कमी

भंवरलालने दाराबाहेरच चपला काढल्या आणि तो हात जोडून उभा राहिला. सुहासिनीने त्याला आत या म्हटलं नाही.

दीड वर्षापूर्वी टोंक रोडवर, दुर्गापुऱ्याच्या अलीकडे, हाच माणूस चालवत असलेल्या ट्रकवर नीलकंठची स्कूटर आदळली होती. नीलकंठ तिचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा; तो जागीच गेला. तेव्हापासून ती प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन भंवरलालच्या पाठीकडे बघत बसे. याला शिक्षा व्हावी, आणि ती भोगताना याला रोज माझा मुलगा आठवावा, एवढंच तिच्या मनात असे.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ट्रक भरधाव होता हे कुणी सिद्ध करत नव्हतं, तेव्हा तेही तिने अंगावर घेतलं. ब्रेकच्या खुणांची लांबी पोलिसांच्या नकाशात मिळाली. जुन्या टायरचा तुकडा कापून, त्यावर वजन ठेवून, तिने तो त्याच डांबरावर स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढला. उंटगाडीवाले थांबून बघत होते. घर्षण किती ते कळलं. उद्या तिची साक्ष होती, आणि गणित आज दुपारीच पुरं झालं होतं.

"बहनजी, एक विचारायचंय," भंवरलाल म्हणाला. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. "तुम्ही शिकवता. तुम्हाला ठाऊक असेल."

तिने दार अर्धंच उघडं ठेवलं.

"त्या दिवशी मालकाने एक टन दगड जास्त भरला होता. मी नाही म्हटलं नाही. ब्रेक पूर्ण दाबला, चाकं जाम झाली, तरी गाडी घसरत गेली. एक टन कमी असता, तर तो वाचला असता?"

सुहासिनीने त्याच्याकडे नीट बघितलं. कोर्ट फार तर दोन वर्षं देईल. हे ओझं जन्मभराचं होतं, आणि तो ते स्वतःच मागायला आला होता.

"हो," ती म्हणाली. "वाचला असता."

भंवरलालने मान हलवली. त्याला हेच ऐकायचं होतं, किंवा हेच ऐकायची भीती होती. "मग उद्या गुन्हा कबूल करतो," तो म्हणाला आणि चपला हातातच घेऊन जिना उतरू लागला.

तिचे यजमान गोविंदराव आतून ऐकत होते. रेल्वेत गार्ड होते. जड गाडी थांबायला किती वेळ घेते, ते त्यांनी जन्मभर बघितलं होतं.

"खरंच का गं? एका टनाने एवढा फरक पडतो?"

"नाही," ती म्हणाली. "चाकं जाम झाली की वजन जास्त तसं घर्षणही जास्त. गणितात वजन कटूनच जातं. रिकामा असता तरी ट्रक तिथंच थांबला असता."

"आणि ट्रकचा वेग?"

"ताशी पस्तीस. भरधाव नव्हताच. स्कूटरच्या चाकाची खूणही नकाशात होती. तेही गणित केलं मी. नीलकंठ साठच्या वर होता. आणि चुकीच्या बाजूने."

गोविंदराव हळूच खुर्चीत बसले. "हे तुला ठाऊक होतं?"

"दुपारपासून."

"आणि तू त्याला हो म्हणालीस."

गॅलरीत जाऊन तिने खाली बघितलं. भंवरलाल फाटकापर्यंत पोचला होता. तापलेल्या फरशीवर तो अनवाणीच चालत होता.

"भंवरलालजी," तिने हाक मारली, "वर या. मी तुम्हाला खोटं सांगितलं."