१०१७ कोण?

“मी नाही हो केलं हे!” नवी मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. वेधशाळेत लागून तिला जेमतेम आठ दिवस झाले होते आणि सगळे तिचं अभिनंदन करत सुटले होते.

परवा दिसलेल्या धूमकेतूची वीस वर्षांपूर्वीची नोंद जुन्या डिस्कवर सापडली होती. पहिली नोंद करणाऱ्याचंच नाव धूमकेतूला मिळणार होतं. संगणक त्या फाइलीची मालकीण म्हणून हिचं नाव दाखवत होता. पाचच्या आत नाव कळवलं नाही, तर मान दुसऱ्याच वेधशाळेला जाणार होता.

“वीस वर्षांपूर्वी ही पाळण्यात होती!” किल्लेदारबाई म्हणाल्या. संगणकावरची सगळ्यांची खाती त्या सांभाळत, म्हणून हे नाव पडलेलं.

“मग संगणक खोटं बोलतो?” साहेबांनी विचारलं.

“अर्धवट बोलतो. फाइलीवर नाव नसतंच, साहेब, नुसता खात्याचा आकडा असतो. हिच्यावर १०१७ आहे. नाव तो यादीत बघून सांगतो. कुणी सोडून गेलं किंवा कुणाचं नाव बदललं, की जुनं खातं पुसतात आणि आकडा रिकामा होतो. असे आकडे मी हल्ली नव्या माणसांना देते. तेवढीच काटकसर.”

“नको तिथे काटकसर! तेव्हा १०१७ कोणाचा होता? तुम्ही तर तेव्हापासून इथे आहात.”

“आम्ही दहा-बारा उमेदवार होतो. दिवसाला शंभर ठिपके टिपायचो. आकडे कोणाच्या लक्षात राहतात?”

बाईंना आता चेव चढला होता. कपाटातून त्या वर्षीच्या खात्यांच्या यादीची टेप निघाली. ती संगणकावर उतरेपर्यंत त्यांनी धूमकेतूची ती नोंद मोठ्याने वाचली. “‘अंधुक ठिपका. बहुधा भिंगावरची धूळ.’ ऐका! हातात धूमकेतू आणि म्हणे धूळ! कोण हा दीडशहाणा?”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. नवी मुलगीसुद्धा डोळे पुसून हसली.

“दीडशहाणा तर दीडशहाणा,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. “यादीत जे नाव, तेच आकाशात. उघडा लवकर.”

पाचाला सात मिनिटं कमी होती. जुनी यादी पडद्यावर आली. बाईंचं बोट भराभर खाली सरकत होतं. १०१५. १०१६.

बोट थांबलं.

“वाचा ना, बाई!”

१०१७ पुढे बाईंचं माहेरचं नाव होतं.