बेशुद्ध पेशंट

रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षणात बेशुद्ध पेशंट व्हायला कोणीच तयार नसे. वृषाली मात्र रोज आपणहून स्ट्रेचरवर आडवी व्हायची. पहाटेपासून बेकरीत पाव भरायचे, मग हे प्रशिक्षण, आणि दुपारी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास. दिवसभरात पाठ टेकायला तिला एवढीच जागा होती.

"तिन्ही झेपणार नाहीत तुला," प्रशिक्षण देणारे गुरव सर आज आल्या आल्या म्हणाले होते. "काय सोडतेस ते ठरव आणि उद्या सांग."

डोळे मिटून ती तेच ठरवत होती. बेकरी सोडली तर घर कसं चालणार? नर्सिंग सोडलं तर हे सगळं कशासाठी? आणि रुग्णवाहिका सोडायला तर मनच होत नव्हतं. विचार करता करता तिला झोप लागली.

"सर, ही खरंच झोपली. उठवू का?" सोबत शिकणाऱ्या तौफिकच्या आवाजाने ती जागी झाली, पण शरमेने डोळे उघडेनात.

"नको. स्ट्रेचर उचला आणि जिन्याने खाली गाडीपर्यंत न्या. पेशंटला जाग आली तर सगळे नापास."

जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं. क्लासची वेळ होत आली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी तिने पापणी हलू दिली नाही.

"पायाकडून वर घे रे, बेकरीवाली घसरेल," तौफिक कुजबुजला.

स्ट्रेचर गाडीत सरकलं. सर तिच्या कानाशी वाकले.

"सगळे पास. जागी होतीस, तरी पापणी हलू दिली नाहीस. झेपेल तुला, ते ठरवायचं राहू दे आता. ऊठ, तुझा नर्सिंगचा क्लास चुकेल."